श्रावणचा गोल

जाळीत जाण्याआधी चेंडूची दिशा किंचित बदलली होती. मैदानाच्या कडेला ठेवलेल्या लॅपटॉपवर रेफ्री पायल तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहत होती. राजूरच्या फुटबॉल स्पर्धेत व्हिडिओ पाहून निर्णय देण्याची सोय यंदा पहिल्यांदाच आली होती, आणि फायनलचा हा एकमेव गोल तिच्या सख्ख्या भावाचा, श्रावणचा होता. वेळ जाईल तसा लोकांचा संशय वाढत होता.

“किती पाह्यता वो मॅडम?” समोरच्या आर्णी संघाचा कॅप्टन रजत ओरडला. “भावाचा हाय, देऊन टाका ना!”

श्रावण जवळ आला. “काहून थांबली, ताई? म्या हात नाही लावला.”

“तू नाहीच लावला.”

तिने शिट्टी वाजवली. “गोल रद्द. रेफ्रीले लागून गेलेला गोल धरत नाही, अन् हा चेंडू माह्या बुटाले लागून आत गेला.”