वरची आळी

गुन्स्टाइनने फोन घेतला आणि पाहुण्याच्या हातात दिला. "ओग्मुंदुर आहे. बर्फाचं काहीतरी, तुझ्याशीच बोलायचंय म्हणतो."

स्नायब्योर्न उठला. बारा वर्षं या खाडीचा खासदार, त्यात चार वर्षं मंत्री, आता राजधानी रेक्याविकच्या बँकेचा संचालक. पण गाव अजून त्याला नावानेच हाक मारायचं. बँकेच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाला आला आणि वादळात अडकला. तीन दिवस उत्तरेचा वारा थांबला नव्हता.

"डोंगरावर बर्फ फार साठलंय," गावचा पोलीस ओग्मुंदुर सांगत होता. "तुम्ही आहात ती वरची आळी रिकामी करावी म्हणतोय. पण नकाशात बर्फ कोसळण्याच्या धोक्याची रेघ घरांच्याही वर, डोंगरातच थांबते. नकाशावर सही तुझी आहे. रेघ बरोबर आहे ना?"

चुलीपाशी गुन्स्टाइनची बायको आल्फहेदुर पॅनकेक उलटत होती. दोन महिने दडलेला सूर्य डोंगरामागून पुन्हा वर यायचा तो दिवस, म्हणून रिवाजाचे पॅनकेक. सूर्य काही दिसला नव्हता. डोंगराकडच्या खोलीत तिची दोन पोरं भांडत होती.

तज्ज्ञांनी ती रेघ पार खाली, चर्चपाशी काढली होती. "मग घर बांधायला जागाच उरत नाही," मंत्री असलेला स्नायब्योर्न तेव्हा म्हणाला होता. "तरुण पोरं गाव सोडून जातील." ते खोटं नव्हतं. रेघ वर सरकली. घरं उभी राहिली, पुढची तर त्याच्याच बँकेच्या कर्जावर.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"सुटलो बाबा. म्हाताऱ्यांना या वाऱ्यात कुठे हलवत बसू?"

गुन्स्टाइन हसला. "ओग्मुंदुर धक्क्यावर उभा असला तरी लाइफ जॅकेट घालतो. आमचे आजोबा इथे मेंढ्यासुद्धा बांधायचे नाहीत, आणि बघ, आम्ही सहा वर्षं राहतोय. तुझ्यामुळे."

"चला, सगळेच खाली शाखेत जाऊ," स्नायब्योर्न म्हणाला. "तिथे कॉफी घेऊ. मुलांनाही घ्या."

"आत्ता?" आल्फहेदुरने वळून पाहिलं. "का? काही आहे का?"

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"छे. काही नाही."

"मग बस की. गरम आहेत तोवर खा."

त्याने एक घास कसाबसा गिळला. शाखेत कागद राहिलेत म्हणाला आणि बूट चढवले. धाकटीने त्याचे हातमोजे आणून दिले.

"जेवायला येशील ना?" तिने विचारलं.

"येईन."

तो चर्चपाशी पोचला तेव्हा अंधारून आलं होतं. वारा एकाएकी पडला. इतका, की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. तो थांबला. एका वाक्याचं तर काम होतं. नाव जाईल, खुर्ची जाईल, जाऊ दे. तो वळला आणि गुडघाभर बर्फातून चढ चढू लागला. वाक्य त्याने तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणूनही पाहिलं.

वरच्या आळीचे दिवे एकदम गेले. आवाज नंतर आला.