चटणीवाल्यांचं टपाल

"कंपनीची मालकीण मी, पाकीट मला द्या!" पोस्टाच्या खिडकीत थोरल्या जावेनं हात घातला. धाकटीनंही घातला.

सासूबाई गेल्यापासून शेंगाचटणीच्या कंपनीवर दोघींचा दावा होता. पोस्टमास्तर अंकलगींचं डोकं उठलं. "उद्यापासून दोघींनी या बाकावर बसून टपाल एकत्र फोडायचं!"

तीन दिवस दोघी पाठ फिरवून बसल्या. चौथ्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकाचं कार्ड आलं : चटणी बिघडलीय, आता मागवणार नाही.

"अगं, तिखट जास्त पडतंय का?" थोरलीनं विचारलं.

"पडणारच! चाखायला तुम्ही कुठं येता, ताई?" धाकटी फणकारली.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामाच राहिला. मास्तर पाकीट घेऊन कारखान्यात गेले. दोघी एकाच परातीत चटणी कालवत होत्या.

"हे कुणाला देऊ?"

दोघींनी लालभडक हात मागं घेतले. "फळीवर ठेवा, मास्तर. आधी चव बघा!"