नळीवरचं नाव

टोमॅटोची उभी झाडं ज्याच्यामुळे दोन दिवसांत माना टाकायची, तो जिवाणू प्रयोगशाळेतल्या माईंनी शोधून काढला. ज्यानं शोधला त्याचं नाव नळीवर, असा तिथला रिवाज. म्हणून नळीवर चिठ्ठी लागली, ‘माई’, आणि रोगही त्याच नावानं गाजला.

पुढे अकरा वर्षं खपून, या रोगाला दाद न देणारं वाणही माईंनीच तयार केलं. त्याला नाव मात्र मिळालं ‘दादासाहेब’, म्हणजे संचालकांचं.

"तुमचं नाव जिवाणूला दिलंय की, माई! एकाच माणसाचं किती ठिकाणी लावायचं?" दादासाहेब हसत म्हणाले. माईही कसनुसं हसल्या.

निवृत्त झाल्यावर बाल्कनीतल्या कुंडीसाठी त्या बियाण्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं दादासाहेबांचा फोटो छापलेलं पाकीट पुढे केलं.

 

"डोळे झाकून न्या, काकू. त्या मेल्या माईनं सगळ्यांच्या बागांचं वाटोळं केलं होतं, या देवमाणसानं वाचवलं!"