बरणीवाला फ्लॅट

पडद्यावर भूकंप सुरू झाला आणि बिल्डर हेमलताबाई बिडकरांनी पदराचं टोक मुठीत आवळलं. नवा कायदाच तसा होता: फ्लॅट विकण्याआधी इमारतीचं खरं सिमेंट, खरं लोखंड संगणकाला तपासू द्यायचं आणि त्यावरून तो भूकंपाचा जो पिक्चर बनवेल, तो गिऱ्हाइकांना फुकट दाखवायचा. मागच्या रविवारी समोरच्या बिल्डरची अख्खी इमारत पडद्यावर पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली, तेव्हा कराडच्या लोकांनी शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं होतं.

हेमलताबाईंच्या पिक्चरमध्ये मात्र पंखे हलले, तिसऱ्या मजल्यावर लोणच्याची एक बरणी फुटली, आणि संपलं. लोक जांभया देत होते. पहिल्या रांगेत निवृत्त पोस्टमास्तर घारपुरे तर चक्क घोरत होते.

"मेली एक भिंत तरी पडायची होती!" बाई पुटपुटल्या.

दिवे लागले. बायकोने कोपराने ढोसल्यावर घारपुरे दचकून उठले. "पडली का इमारत?"

"कुठली पडतेय! झोपा तुम्ही निवांत," म्हणत घारपुरेकाकू थेट हेमलताबाईंपाशी आल्या. "तो बरणीवाला फ्लॅट आम्हालाच द्या हो. फक्त स्वयंपाकघरातली फळी तेवढी रुंद करा."