पानांच्या करंड्या

“पोशे, ऊठ, चिखल तुडवायचाय!” वीटभट्टीवरची आईची पहाटेची हाक पोशीच्या कानातून कधी गेलीच नाही. बांबूच्या करंड्या विणायचं काम मिळालं आणि पाड्यावरच्या बायांचं भट्टीवर जाणं थांबलं. आज मात्र करंड्या घेणाऱ्या व्यापाऱ्यानं मोखाड्याहून पोशीला निरोप धाडला: यापुढे करंड्या नकोत. तो तिनं अजून कोणाला सांगितला नव्हता. तेवढ्यात तिचा दीर फागू रेडिओ नाचवत आला. “पाकिस्तानच्या हद्दीवर फौज लागली! तिकडचा व्यापार बंद! आता लढाई होणारच!” बांबू सोलणाऱ्या बाया हसल्या. “होऊ दे! आपलं काय जातंय?” “वहिनी, तू का तोंड पाडलंस? लढाईला तुला नाय नेत!” फागू म्हणाला. पोशीच्या बोटांत कामटी रुतली. व्यापाऱ्याकडून कळलेली एक गोष्ट तिनं दोन वर्षं पोटात ठेवली होती. कळलं तर कोणी विणणार नाही, ही धास्ती. “बायांनो,” शेवटी ती म्हणाली, “आपल्या करंड्यांत विड्याची पानं भरतात ना, ती सगळी कराचीला जातात.”