उजवा पाय

लग्नात सासरे पाय धुणार म्हणून हृषीकेश अंगठ्याच्या पिवळ्या नखामागे हात धुऊन लागला होता. लिंबू चोळलं, मेडिकलमधलं मलम लावलं. शेवटी डॉक्टरांनी बुरशीवर गोळ्या दिल्या, पण नवं नख यायला वर्ष लागणार होतं आणि लग्न दोन महिन्यांवर आलेलं. त्याने वैतागून गोळ्याच सोडल्या.

मांडवात त्याने डावा पाय परातीत ठेवला, उजवा सोवळ्याखाली दडवला. सासूबाईंनी पाणी घातलं. सासऱ्यांनी पाय धुऊन टिपला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

हृषीकेशची नजर त्यांच्या अनवाणी पायाच्या अंगठ्यावर पडली. नख तसंच पिवळं, जाड.

ती नजर ओळखून सासरे पुटपुटले, "गोळ्या अर्ध्यावर सोडल्या मी."

"वीस वर्षं झाली," तांब्या सावरत सासूबाई म्हणाल्या.

हृषीकेशने उजवा पाय परातीत ठेवला.