रिकामा गोल

“कीपर बाहेर काढा, ताई! आता नाही तर कधी?”

मदतनीस प्रशिक्षक कानाशी ओरडत होता आणि ताई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. बरोबरी होती आणि बरोबरी पुरेशी होती. हरलं तर मात्र पुढच्या वर्षापासून मुलींचा संघच बंद. क्लबचे अध्यक्ष कालच तसं तोंडावर सांगून गेले होते आणि आत्ता पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. शेवटचं मिनिट चालू होतं. चेंडू ताईंच्या पोरींकडे होता, पण त्यांच्यातली एक नको तिथे धसमुसळेपणा करून दोन मिनिटांसाठी बाकावर येऊन बसली होती. सहाजणींसमोर पाचजणी. चेंडू हातात टिकणार तरी किती वेळ?

अशा वेळी गोलकीपरला बसवून तिच्या जागी एक खेळाडू वाढवायची, हे हँडबॉलमध्ये आता शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मागे गोल उघडा पडतो, एवढंच. पण जिनं उभी कारकीर्द त्या दोन खांबांमध्ये काढली, त्या बाईला ते ‘एवढंच’ गिळवेना. प्रशिक्षक झाल्यापासून ताईंनी एकदाही गोल रिकामा ठेवला नव्हता. पोरी त्यावरून मागे खिदळायच्या. “ताई घरातून निघतानासुद्धा दारात कुणाला तरी उभं करून येत असतील.”

मैदानात चेंडू निसटता निसटता राहिला. अध्यक्ष पुढे सरकून बसले.

“चिमणी, बाहेर ये!” शेवटी ताई ओरडल्या.

चिमणी म्हणजे त्यांची कीपर, चांगली सहा फुटांची. नाव ठेवणाऱ्यांचा चावटपणा, दुसरं काय! ती धावत बाहेर आली, तिच्या जागी ताज्या दमाची एक आत गेली आणि थोडा वेळ सगळं बेस चाललं. पास, पास, पुन्हा पास. मदतनिसाने ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेनं ताईंकडे पाहूनही घेतलं.

तेवढ्यात टोकाच्या पोरीच्या घामट हातातून चेंडू सुटला. समोरच्या कीपरनं तो उचलला, मान वर केली, आणि मैदानापलीकडे तिला उघडा गोल दिसला.

“परत जा, चिमणी! परत!”

पण जाते कुठून? आतली एक बाहेर आल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नव्हतं, आणि ती आतली पार पलीकडच्या टोकाला होती. चिमणी रेषेवर नुसती नाचत होती. समोरच्या पोरीनं अजिबात घाई केली नाही. नीट नेम धरला आणि उंचावरून, हळुवार हातानं चेंडू सोडला. तो मधली रेषा ओलांडून पडला आणि टप्पे घेत गोलकडे निघाला. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले.

पुढचं ताईंना विचाराल तर त्यांना धड सांगता यायचं नाही. पन्नाशीची बाई, गुडघे केव्हाच कामातून गेलेले, ती बाकावरून उठून तिरपी मैदानात धावत सुटली. गोलच्या तोंडाशी तिनं अंग झोकून दिलं आणि चेंडू पोटाशी दाबून पालथी पडली.

 शिट्टी वाजली आणि जो काय गदारोळ उठला! “चोर! चोर!” पंचांनी लाल कार्ड दाखवलं, पण ते दाखवतानाही त्यांनाच कसंनुसं झालेलं दिसलं. ताई उठल्या. शरमेनं त्यांचे कान तापले होते. नियमाप्रमाणे ताई बाहेर, आणि समोरच्यांना सात मीटरवरून एक फेक. आयता गोल मिळत नाही, फेकच मिळते. आणि खेळ थांबल्यामुळे त्या फेकीला आता चिमणी आडवी उभी राहणार होती.

मदतनिसाच्या हे सगळ्यांच्या आधी लक्षात आलं. “ताई, मानलं तुम्हाला!” तो कुजबुजला. ताईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

हॉलबाहेरच्या बोळात बंद दाराला कान लावून त्या उभ्या राहिल्या. शिट्टी झाली. मग थाडकन आवाज आला. जाळीत गेलेला चेंडू असा वाजत नाही. पाठोपाठ सामना संपल्याचा भोंगा, आणि “चिमणी! चिमणी!” असा एकच कल्ला. ताई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. संघ वाचला होता. कसा वाचला, तेही झाडून सगळ्यांनी पाहिलं होतं.

अध्यक्ष हसत हसत बाहेर आले. “काय डोकं चालवलंत, ताई!”

“मी डोकं चालवलं नाही,” ताई म्हणाल्या. पण तोवर ते फोन कानाला लावून पुढे गेले होते.

सगळ्यात शेवटी समोरच्या संघाची कीपर आली. वीसेक वर्षांची असेल, डोळे सुजलेले. दोन पावलं पुढे गेली आणि परत फिरली.

“एक विचारू का? आमच्या मुली म्हणतात, माझा तो चेंडू तसाही बाहेरच जाणार होता. तुम्ही अगदी जवळ होतात. जात होता का हो बाहेर?”

‘हो’ म्हटलं असतं तर दोघींचंही भागलं असतं. पोरीची हळहळ मिटली असती, आणि ताईंचा गुन्हाही जरा हलका झाला असता.

“नाही गं,” ताई म्हणाल्या. “अगदी मधोमध होता.”

“नक्की?”

“बाहेर जाणाऱ्या चेंडूला मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही.”